भिंतीकडची रांग

मॅडम लॅपटॉपला अहो म्हणायच्या आणि माणसांना अरे. यात त्यांनी कधी कुणाचा अपवाद केला नाही. बँकेचा मॅनेजर असो की खालचा चहावाला, "अरे, इकडं ये." आणि टेबलावर मांडलेला एखादा लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडकून बसला, की चष्मा कपाळावर सरकवून, त्याच्यावर वाकून, मायेनं म्हणायच्या, "काय हो, काय होतंय? पत्ता मिळेना का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण थट्टा हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. जे तोंडातून यायचं ते तसंच असायचं, आणि ऐकणाऱ्याला त्याचा धक्का बसला तर तो त्याचा प्रश्न.

उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. शहरात कुठं भरतीची ऑनलाइन परीक्षा असली, की भाड्याचे लॅपटॉप हॉलमध्ये मांडायचे, सगळे एका तारेच्या जाळ्यात जोडायचे आणि आदल्या दिवशी नेटवर्कवरून सगळ्यांवर एकदम नवी कोरी सिस्टीम चढवायची, हे आमचं काम. जुनं काही शिल्लक राहू नये, कुणाला आधीपासून आत काही लपवून ठेवता येऊ नये, म्हणून हा खटाटोप. मी पाचोडहून डिप्लोमा करून आलेला. त्यांनी माझं नाव विचारलं, लगेच विसरल्या, आणि शेवटपर्यंत मला पाचोड म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी एक लॅपटॉप नेटवर्क घेईना. मी वायर काढली, पुसली, जरा वाकवून बसवली. चालू झाला. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मॅडम, वायर लूज होती. बसवली."

त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली, चालू लॅपटॉपची ती वायर मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. मी बघतच राहिलो. वायर तशी नवीच होती.

"दुखरी वायर लोक परत ड्रॉवरमध्ये ठेवतात," त्या म्हणाल्या. "मग ती उद्या दुसऱ्या कुणाचा दिवस खाते. टाक कचऱ्यात आणि नवी कर."

त्या आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. तिथून का सोडलं याची गोष्ट मला त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितली. एका वर्षी प्रॅक्टिकलला त्यांनी अख्खा वर्ग नापास केला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "येत नाही त्यांना. मी काय करू?" प्राचार्य म्हणाले, "सगळ्यांनाच कसं येत नाही?" त्यावर मॅडम थोडा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणजे मला शिकवता येत नाही." आणि तिथंच कोरा कागद मागून राजीनामा लिहून दिला. प्राचार्यांना वाटलं, बाई रागावल्या. ते दोन दिवस समजूत काढायला घरी जात होते. बाई रागावलेल्या नव्हत्याच. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

मला मात्र त्यांनी शिकवलं आणि ते डोक्यात असं बसलं की आजही निघत नाही. "लॅपटॉपच्या पोटात काहीच नसलं ना," त्या सांगायच्या, "की तो चालू झाल्या झाल्या तारेवर हाका मारतो. कुणी आहे का, कुणी आहे का. त्याला स्वतःचं नाव माहीत नसतं, गाव माहीत नसतं. जो पहिल्यांदा ओ देईल त्याच्यावर तो विश्वास ठेवतो आणि तो देईल ते पोटात घालतो. तान्ह्या लेकरासारखं. त्यामुळं काही अडलं, की आधी बघायचं, ओ कुणी दिली."

आणि त्यांचं दुसरं वाक्य, जे दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं: "दिसतंय ते सांग. वाटतंय ते घरी जाऊन सांग."

ज्यातून ही ओ निघायची तो आमचा सर्व्हर म्हणजे एक लहानसा काळा डबा होता. त्या तो सोलापुरी चादरीत गुंडाळून रोज संध्याकाळी घरी न्यायच्या, रिक्षात मांडीवर घेऊन. रिक्षावाल्यांना वाटायचं, आत देव आहे. एकानं तर एकदा भाडं घ्यायलाही खळखळ केली. सर्व्हरचा पासवर्ड फक्त मॅडमना माहीत. आम्हा कुणाला नाही. प्रणवलासुद्धा नाही.

प्रणव त्यांचा भाचा. त्यांचा भाऊ सोयगावला तहसीलमध्ये कारकून. कॉलेजसाठी म्हणून पोरगा आत्याकडं राहायला आला तो तिथंच राहिला, आणि मॅडमनी लग्न केलेलं नसल्यामुळं त्या घरात दोघंच. गोड पोरगा. मॅडम जिथं माणसं तोडून यायच्या तिथं प्रणव मागून जाऊन जोडायचा. एका कॉलेजच्या संचालकाला मॅडम तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुमच्या वायरिंगला आग लागायची राहिलीय ते तुमचं नशीब." त्याच माणसाच्या खांद्यावर हात टाकून चहा पीत बसलेला प्रणव मी अर्ध्या तासानं पाहिला. त्यामुळंच आमचं काम चालायचं, हे मला ठाऊक होतं आणि माझी समजूत अशी की मॅडमनाही ठाऊक होतं.

पण त्यांनी त्याचं कधी कौतुक केलं नाही. उलट रोज एकच बोलणं. वायरीच्या टोकाला प्लग बसवताना आतल्या रंगीत तारांचे पीळ जेवढ्यास तेवढेच उलगडायचे असतात. प्रणवला घाई. तो बोटभर उलगडायचा, आणि वरचं वेष्टण प्लगच्या बाहेरच राहायचं. "पण्या, पीळ किती उलगडतोस रे!" हे मी इतक्यांदा ऐकलं की आम्ही दोघं पाठीमागं त्यांची नक्कल करायचो. तरी सकाळी उठून त्याच्यासाठी दशम्या मॅडमच करायच्या. स्वयंपाक त्यांना यायचा नाही. दशम्या जाड, कडा करपलेल्या. स्वतः दुपारी काहीही खायच्या, रविवारी शहागंजाकडं जाऊन मटणाचा नान खलियासुद्धा, आणि ते सोवळ्यातल्या वहिनीला फोन करून सांगायच्यासुद्धा. पण प्रणवचा डबा घरचा.

माझ्या लग्नाला त्या पाचोडला आल्या होत्या. मंगलाष्टका सुरू झाल्या. गुरुजींनी माईक हातात धरला की दचकून दुसऱ्या हातात घ्यायचे, परत पहिल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणामुळं हात थरथरतोय. मॅडम बायकांच्या गर्दीतून उठल्या, मांडवामागं गेल्या आणि जनरेटर बंद केला. पंखे थांबले, माईक गेला, अक्षता हातातच राहिल्या. माझे दोन्ही चुलते बाह्या सरसावून मागं धावले.

"ओ बाई, लगीन लागायलंय तिकडं!"

"अरे, त्यांना शॉक लागतोय," मॅडम म्हणाल्या. "माईकमध्ये करंट उतरलाय. आधी तार नीट जोड, मग सावधान म्हणा. नवरदेवाच्या हातात दिला असता म्हणजे?"

साऊंडवाल्यानं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मुहूर्त टळला म्हणून माझी आई तेव्हा रडली. आता ती सगळ्यांना सांगते, "लई डेंजर बाई हाय, पर माझ्या लेकराचा जीव वाचिवला."

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की त्या काय करतील याचा अंदाज मला यायला हवा होता. आला नाही.

बीड बायपासच्या पुढं एका खासगी कॉलेजात परीक्षा होती. आदल्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमध्ये लॅपटॉप मांडले. भाड्यानं देणाऱ्यानं ऐनवेळी काही जुने लॅपटॉप नाहीत म्हणून नवे पाठवले होते. ते आम्ही भिंतीकडच्या रांगेत लावले. मॅडमनी चादर सोडून सर्व्हर बाहेर काढला, जोडला आणि म्हणाल्या, "करा चालू."

सगळीकडं निळी पट्टी सरकायला लागली. भिंतीकडची रांग मात्र काळी. प्रत्येक पडद्यावर एक ओळ यायची, सुरक्षेच्या तपासणीत फाइल नापास झाली अशा अर्थाची, आणि लॅपटॉप बंद पडायचा. पुन्हा चालू केला की पुन्हा तेच.

प्रणव लगेच आला. "आत्या, नवे लॅपटॉप आहेत. यांच्यात ते सहीचं कुलूप चालू असतं. ओळखीची सही नसली की फाइल घेत नाहीत. कुलूप बंद करतो, दहा मिनिटांत सगळे उठतील."

मला ते पटलं. असं कुलूप मी दुसरीकडं किती वेळा बंद केलेलं होतं. इंटरनेटवर कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

मॅडम पहिल्या लॅपटॉपवर वाकल्या. "काय हो, कशाला नाही म्हणालात?" मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्या फाइलवर सही आहे, पण्या. मागच्या महिन्यात असल्याच लॅपटॉपांनी गपगुमान घेतली होती."

"कंपनी वेगळी असेल."

"असेल म्हणजे वाटतंय. थांब."

त्यांनी वायर बदलली. तेच. जागा बदलली. तेच. मग त्या भिंतीकडच्या रांगेतला एक लॅपटॉप उचलून सर्व्हरपाशी घेऊन गेल्या, जाळ्यातून सर्व्हर सोडवला आणि दोघांना एकाच वायरीनं समोरासमोर जोडलं. लॅपटॉपनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि निळी पट्टी सरकायला लागली. विनातक्रार. कुलूप चालू असताना.

"म्हणजे हे ठीक आणि आपला सर्व्हरही ठीक," त्या म्हणाल्या. "मधलं कोण? पाचोड, परत सगळं जोड आणि बघ, ओ कुणी दिली."

ओ देणाऱ्याचा पत्ता पडद्यावर क्षणभरच येतो. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचला. चुकलं असेल म्हणून दुसऱ्या लॅपटॉपवर काढला. तिसऱ्यावर काढला. तिन्हींवर तोच परका पत्ता.

"मॅडम, हा आपला सर्व्हर नाही."

"दिसतंय का वाटतंय?"

"दिसतंय."

मला वाटलं, आता त्या भिंतीकडच्या रांगेकडं जातील. त्या उलट्या वळल्या आणि हॉलमधल्या बाकीच्या, छान चाललेल्या, निळी पट्टी पूर्ण करून परीक्षेचं पान दाखवत बसलेल्या लॅपटॉपांकडं बघायला लागल्या. जुने लॅपटॉप. त्यांच्यात ते कुलूप मुळात चालू नव्हतंच.

"मग ह्यांना कुणी दिली?" त्या हळूच म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सगळे न चालणाऱ्यांची चिंता करत होतो. मॅडम मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या. पान हुबेहूब आपलं. तोच रंग, तीच अक्षरं. मी त्यांच्या मागं उभा. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, हे मी शपथेवर सांगू शकतो आणि पुढं सांगितलंही. पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप हलला. सावकाश वरच्या कोपऱ्यात गेला, घड्याळापाशी थांबला, आणि परत खाली आला.

कुणीतरी बाहेर बसून करून बघत होतं. उद्या त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी नुसतं बसायचं होतं. उत्तरं दुसरं कुणीतरी भरणार होतं. मॅडम उठल्या, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "कपाट उघड."

हॉलच्या मागच्या कपाटात सगळ्या वायरी एकत्र येत होत्या. मी माझ्या लॅपटॉपवरून त्या परक्या पत्त्याला सारखी हाक मारत राहिलो आणि मॅडम एकेक वायर काढून परत लावत राहिल्या. हाक, ओ. हाक, ओ. एक वायर काढली आणि ओ बंद झाली. ती वायर वर छताकडं गेली होती. मॅडमनी पदर खोचला, बाकावर चढल्या, बाकावरून टेबलावर, आणि छताची फळी वर ढकलली. हात घालून त्यांनी साबणाच्या डबीएवढा एक डबा बाहेर काढला. त्याला मोबाइलचं सिम घातलेलं डोंगल, आणि हातानं बनवलेली लहानशी वायर.

त्या टेबलावर उभ्या राहून त्या वायरीच्या टोकाकडं बघत राहिल्या. बराच वेळ. मी खाली उभा राहून म्हणत होतो, "मॅडम, खाली या, पडाल." त्या उतरल्या. आमच्यापैकी कुणाकडंही त्यांनी बघितलं नाही.

"पण्या," त्या म्हणाल्या, "पीळ किती उलगडलायस रे."

मला आधी कळलंच नाही. रोजचं वाक्य. मी प्रणवकडं बघून हसलोसुद्धा. प्रणव जवळच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यात रक्त नव्हतं. तेव्हा मला कळलं.

"आत्या," तो म्हणाला. "आत्या, ऐक ना."

"ऐकते. बोल."

कुण्या क्लासवाल्यानं त्याला पुण्यात परीक्षांचं स्वतःचं सेंटर काढून देतो म्हटलं होतं. त्या खुर्च्यांवर कोण बसणार ते ठरलेलं होतं. सर्व्हरला हात लावता येत नव्हता, कारण सर्व्हर आत्याच्या मांडीवर. म्हणून हा डबा. तुझ्या सर्व्हरच्या आधी ओ देईल असा केला, तो म्हणाला, आणि सांगताना क्षणभर त्याच्या आवाजात कारागिराचा अभिमान आला. मग तो रडायला लागला.

इतक्यात कॉलेजचे संचालक आले. त्यांना काय झालं ते कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता.

"मॅडम, घरचाच पोरगा आहे. डबा काढला, विषय संपला. सगळे लॅपटॉप परत भरा, उद्या परीक्षा नीट होऊन जाईल. कुणाचं काही नुकसान झालेलं नाही अजून. कशाला त्याच्या आयुष्याचं वाटोळं?"

खरं सांगतो, मला मनातून वाटत होतं, मॅडमनी हो म्हणावं. काय बिघडणार होतं? मॅडम हातातल्या डब्याकडं बघत होत्या, आणि मला वाटलं, त्या विचार करताहेत. त्या दुसराच विचार करत होत्या.

"पण्या, आज हे नवे लॅपटॉप आले म्हणून सापडलं," त्या म्हणाल्या. "याआधी कुठं केलंस?"

प्रणव शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिला.

"कुठं?"

"एकदाच," तो म्हणाला. "एकदाच, आत्या."

संचालकांनी डोक्याला हात लावला. मॅडमनी पर्समधून फोन काढला. आधी परीक्षा घेणाऱ्यांना लावला, मग पोलिसांना. दोन्हीकडं तेच, त्याच आवाजात. स्वतःचं नाव, कॉलेज कुठं आहे, काय सापडलं. आणि, "ज्यानं केलं तो माझा भाचा आहे. इथंच बसलाय. पळणार नाही." मग तिसरा फोन सोयगावला.

"अरे दादा, पण्यानं चोरी केलीय. परीक्षेत. मी पोलिसांना बोलावलंय. तू ये. येताना त्याचे कपडे आण."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. मॅडमनी फोन कानापासून जरा लांब धरला, संपेपर्यंत तसाच धरला आणि मग बंद केला.

मी आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. मला त्यांची भीती वाटली. ही बाई दगडाची आहे, असं मनात आलं. आणि तेवढ्यात त्यांनी पिशवीतून प्रणवचा डबा काढला, त्याच्या शेजारी बाकावर बसल्या आणि झाकण उघडलं. दुपारच्या गडबडीत तो जेवलाच नव्हता.

"जेव. आता कधी मिळेल माहीत नाही."

"नको, आत्या."

"जेव म्हटलं ना."

तो रडत रडत जेवला. मॅडम एकेक दशमी हातात घेऊन तिची करपलेली कड मोडून काढायच्या, ती स्वतःच्या तोंडात टाकायच्या आणि मऊ भाग त्याला द्यायच्या. पोलीस आले तेव्हा तो शेवटची दशमी खात होता. मॅडम त्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं थांब रे," आणि ते थांबले.

त्या केंद्रावरची परीक्षा रद्द झाली. सगळ्यांना निरोप पोचले नव्हते. सकाळी मी गेलो तर मॅडम कॉलेजच्या गेटपाशी उभ्या. पहिल्या एसटीनं निघालेली पोरं-पोरी येत होती, काहींच्या बरोबर आईबाप. संचालकांनी गेटवर कागद लावला होता, तांत्रिक कारणामुळं वगैरे. मॅडम प्रत्येक घोळक्याला सांगत होत्या, "तांत्रिक नाही. माझ्या भाच्यानं चोरी केली. तुमची परीक्षा परत होईल, फुकट जाणार नाही. पण आज नाही."

लोक चिडले. चिडणारच. "दीदी, ये क्या मजाक है?" म्हणून एक पोरगा अंगावर आला. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली. मी त्यांना आत ओढायला लागलो.

"अरे सोड. यांनी कुणावर रागवायचं मग?"

शेवटचा माणूस जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

आमचं काम बंद पडलं. आपल्याच घरचा चोर पकडून देणारी बाई म्हणून कुणीतरी त्यांना काम देईल असं मला वाटायचं, पण तसं होत नाही. भावानं बोलणं टाकलं. मला वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तिथल्या लॅपटॉपांवर सिस्टीम चढवायचीच. काही महिन्यांनी मी मॅडमना भेटायला उस्मानपुऱ्यात गेलो. जिना चढून दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकलो.

टेबलाशी प्रणव बसला होता. समोर वायरीचं भेंडोळं. तो प्लग बसवत होता आणि मॅडम शेजारी बसून एकेक टोक चष्म्यासमोर धरून तपासत होत्या. एक टोक त्यांना आवडलं नाही. कात्रीनं कापलं आणि परत त्याच्यापुढं टाकलं.

"बस, पाचोड. चहा घेणार?"

"मॅडम, हा..."

"जामिनावर आहे. जामीन मीच दिलाय."

"आणि केस?"

"चालू आहे. साक्ष पण मीच देणार. पहिली." त्यांनी पुढचं टोक उचललं. "हे जरा बरं आहे रे, पण्या."

प्रणवनं माझ्याकडं बघितलं नाही. मान खाली घालून तो पुढची वायर सोलायला लागला.

साक्षीला मीही होतो, त्यामुळं त्या दिवशी कोर्टात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. प्रणवचा वकील तरुण होता, हुशार होता. त्याची फी कोण भरतंय हे सगळ्या कोर्टाला माहीत होतं, आणि तरी तो मॅडमना सोडत नव्हता.

"आरोपी तुमच्याकडं किती वर्षं राहतो? तुमचं त्याच्याशी काही वैर?"

"नाही. जीव आहे माझा त्याच्यावर."

"मग त्याच्या विरोधात का बोलताय?"

"विरोधात नाही बोलत. झालं ते सांगतेय."

"वायर कुणीही बनवलेली असू शकते. तुम्हाला ती त्याची वाटली, एवढंच ना?"

"वाटली नाही. दिसली. दहा वर्षं रोज बघतेय मी त्याच्या हातची वायर. अरे, तुझ्या आईला तुझं अक्षर ओळखू येतं ना?"

"साक्षीदारानं वकिलांना अरे म्हणू नये," न्यायाधीश म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पण ओळखू येतं ना?"

वकील आणखी काही विचारणार होता. मागून आवाज आला, "साहेब, आत्या खरं बोलतेय." प्रणव उभा राहिला होता. वकिलानं वळून त्याला हातानं बसायची खूण केली. तो बसला नाही. "वायर माझीच आहे. आधी एकदा केलं होतं तेही सांगतो. आणि कुणी करायला लावलं, तेही." न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांनी त्याला सांगितलं, वकिलांशी बोल, नीट विचार कर, आणि पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेला त्यानं सगळं सांगितलं. त्या क्लासवाल्याला उचललं, आणि त्या जुन्या परीक्षेत लागलेल्यांची चौकशी सुरू झाली. निकाल अजून लागायचा आहे.

त्या दिवशी मात्र, साक्ष झाल्यावर, मी कोर्टाबाहेर झाडाखाली उभा होतो. मॅडम आल्या. साडी, हातात पर्स, चेहरा नेहमीसारखाच. प्रणव पार्किंगमधून स्कूटर काढून घेऊन येत होता. सकाळीही ते एकाच स्कूटरवर आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम," मी हळू आवाजात म्हणालो, "आता त्याला शिक्षा होईल."

"होईल की. व्हायलाच पाहिजे," त्या हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या. आवाज जरासुद्धा कमी केला नाही. प्रणवची स्कूटर तोवर अगदी आमच्यापाशी येऊन थांबली होती. त्यानं ते ऐकलं. मी जमिनीकडं बघायला लागलो.

मॅडम मागं बसल्या, एका बाजूला पाय सोडून, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोर्टाच्या गेटपाशी दोन वकील तोंड उघडं टाकून बघत होते. माझंही तसंच झालं असणार.

"आत्या, पदर आत घे," प्रणव म्हणाला. "चाकात जाईल."

त्यांनी पदर आत घेतला, आणि ते निघाले.